पित्याच्या नावावर खपवलेली शिक्षा

ख्रिस्ती धर्मविचारात शिक्षेचे समर्थन करताना एक युक्तिवाद फार जुन्या काळापासून पुढे केला जातो, आणि तो घराला व स्वर्गाला एकदमच लागू केला जात असल्यामुळे ऐकणाऱ्याला बिनतोड वाटतो. ज्याचे मुलावर प्रेम आहे तो पिता मुलाला शासन करतो आणि देव हा पिता आहे, तेव्हा देवाने केलेली शिक्षा कितीही भयंकर दिसली तरी ती प्रेमापोटीच असली पाहिजे, हा त्याचा एक भाग. आणि देव स्वतः आपल्या लेकरांना शासन करतो, तेव्हा आईबापांनी छडी हातात घेणे हे त्यांचे धर्मकर्तव्यच ठरते, हा दुसरा. अनंतकाळच्या नरकाविषयी, म्हणजे जिला शेवट नाही आणि जिच्यातून सुटका नाही अशा शिक्षेविषयी, कोणी शंका काढली की पहिला भाग पुढे येतो. मुलांना मारू नये असे कोणी म्हटले की दुसरा. पित्याची ही उपमा पवित्र शास्त्राचीच आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातली आहे, त्यामुळे तिला हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती उपमा अर्धवट वापरण्याला. शिक्षेच्या समर्थनापुरते देवाला पिता म्हणायचे, आणि पित्याला लागू होणाऱ्या कसोट्या पुढे आल्या की त्याच देवाला राजाच्या किंवा न्यायाधीशाच्या आसनावर नेऊन बसवायचे, ही पद्धत प्रामाणिक विचाराला शोभणारी नाही, आणि तिची किंमत शतकानुशतके लहान मुलांनी मोजली आहे.

या उपमेचा मुख्य आधार म्हणजे नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय. छळाने खचलेल्या विश्वासणाऱ्यांना धीर देताना पत्रलेखक नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची आठवण करून देतो आणि प्रभूचे शासन हे त्याच्या प्रीतीचे लक्षण असल्याचे सांगतो. समर्थक बहुधा इथेच थांबतात. पत्रलेखक थांबत नाही. संसारातले बाप थोडा काळ आणि आपापल्या समजुतीप्रमाणे शिस्त लावतात, तर देव लेकरांच्या हितासाठी, त्यांना स्वतःच्या पवित्रतेत सहभागी करून घेण्यासाठी शासन करतो, असा फरक तो स्पष्ट करतो, आणि असे शासन त्या वेळी दुःखाचे वाटले तरी ज्यांनी ते सोसले त्यांच्या आयुष्यात ते पुढे फळाला येते, असेही म्हणतो. म्हणजे पित्याचे शासन ओळखायचे ते त्याच्या फळावरून. ज्या शिक्षेतून कोणतेही फळ निघणार नाही, शिक्षा भोगणारा कधीच सुधारणार नाही आणि कधीच घरी परतणार नाही, असे सिद्धान्तानेच आधी ठरवून टाकले आहे, तिला या अध्यायाचा आधार घेता येत नाही. उलट हा अध्याय त्या शिक्षेविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

येशूने स्वतः या उपमेवरून कसा विचार केला, हे मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत नोंदलेले आहे. भाकर मागणाऱ्या मुलाच्या हातावर कोणताही बाप दगड ठेवत नाही; दोषांनी भरलेल्या माणसालाही एवढे कळते, तर स्वर्गातील पित्याला त्याहून कितीतरी अधिक कळत असणार, असा तो विचार आहे. माणसाच्या आईबापपणातील चांगुलपणा हा येथे देवाच्या चांगुलपणाचा खालचा काठ मानलेला आहे. एखाद्या कृत्याबद्दल मानवी पित्याला निर्दय म्हणावे लागेल आणि तेच कृत्य देवाने केले की त्याला प्रेम म्हणावे, ही विचारसरणी या शिकवणीच्या नेमकी उलट आहे. देवाचे मार्ग माणसाच्या मार्गांहून उंच आहेत, असे म्हणून हा आक्षेप टाळला जातो. परंतु यशयाच्या ग्रंथात तो विचार ज्या ठिकाणी येतो तेथे विषय देवाच्या विपुल क्षमेचा आहे, आणि देव माणसापेक्षा अधिक कठोर असू शकतो असे सुचवण्यासाठी तो वापरणे म्हणजे संदर्भावर अन्याय करणे होय.

मुलांना लावलेली शिस्त न्याय्य आणि प्रेमाची केव्हा म्हणावी, याबद्दल विचारी माणसांत फारसा मतभेद नाही. आपले काय चुकले हे मुलाला कळलेले असावे, शिक्षा त्याच्या वयाला आणि चुकीला साजेशी असावी, ती मोठ्यांचा राग शमवण्यासाठी नसून मुलाच्या भल्यासाठी असावी, ती संपावी, आणि संपल्यावर मुलाचे घरातील स्थान पूर्वीइतकेच पक्के असावे. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत बापांना जो थेट उपदेश आहे तो मुलांना चीड आणू नये आणि त्यांचे मन खचवू नये असाच आहे; रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखाला मुलांच्या जिवावरही हक्क दिलेला होता, त्या जगात हा उपदेश बापाच्या हाताला आवर घालणारा होता.

शिक्षेच्या दोन जातींमधला भेद प्राचीन ग्रीक विचाराला ठाऊक होता. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात शिक्षा भोगणाऱ्याच्या हितासाठी केलेले शासन आणि शिक्षा करणाऱ्याच्या समाधानासाठी घेतलेला सूड असे दोन प्रकार वेगळे केले आहेत. हाच भेद घेऊन अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत म्हणतो की देव सूड घेत नाही, कारण सूड म्हणजे वाइटाची वाइटाने केलेली परतफेड; देव माणसाला सुधारतो. त्याच्या एका ग्रंथाचे नावच ‘पेडागोगोस’ आहे, म्हणजे मुलाला हाताशी धरून शाळेत नेणारा आणि त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवणारा सेवक. त्याच नगरातल्या ओरिजेनने सर्व शिक्षेचा शेवट शुद्धीत आणि पुनःस्थापनेत होतो असे मांडले. ओरिजेनच्या नावाने चालणारी ही मते सहाव्या शतकात निषिद्ध ठरवली गेली, याकडे बोट दाखवून विषय संपवण्याची प्रथा आहे. पण चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीने, आपली बहीण माक्रिना हिच्याशी मृत्युशय्येजवळ झालेल्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या ग्रंथात, शिक्षेचे प्रयोजन शुद्धी हेच सांगितले, आणि तो कधीही पाखंडी ठरला नाही; त्याचे नाव सनातन धर्मपित्यांच्या नामावळीत आदराने घेतले जाते. सातव्या शतकातील निनवेचा इसहाक हा सिरियाक परंपरेतला संत तर देवाच्या शिक्षेत सूडाचा अंश पाहणे हीच देवनिंदा समजतो. तेव्हा सुधारणारी शिक्षा हा आजच्या हळव्या पिढीचा शोध आहे, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

पित्याच्या जागी न्यायाधीश कसा आणला जातो, हे लॅटिन परंपरेतला धर्मपिता ऑगस्टिन याच्या लेखनात सर्वांत स्पष्ट दिसते. आफ्रिकेतील डोनाटिस्ट या फुटीर पंथाच्या लोकांवर राजसत्तेने सक्ती करावी की नाही, या वादात त्याने सक्तीचे समर्थन केले तेव्हा त्याच्या पत्रांतून वारंवार पिता आणि पुत्र येतात: मुलाला मोकळे सोडणारा बाप त्याचा शत्रू आणि शासन करणारा त्याचा हितकर्ता. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात मात्र, क्षणिक पापाला अनंतकाळची शिक्षा अन्याय्य आहे या आक्षेपाला उत्तर देताना, तो दाखले देतो ते नगराच्या कायद्याचे, तुरुंगाचे, हद्दपारीचे आणि देहान्ताचे; गुन्ह्याला जितका वेळ लागला तितकाच वेळ शिक्षा असावी असे कोणताही कायदा मानत नाही, हे त्याचे उत्तर. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण घराबाहेर काढून मुलाला कायमचे विसरणाऱ्या बापाचा दाखला तेथे नाही, कारण तसा बाप चांगला म्हणून दाखवताच आला नसता. याच ऑगस्टिनने ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात लहानपणी शाळेत बसलेल्या मारांची, मार चुकावा म्हणून देवाजवळ केलेल्या प्रार्थनेची, आणि त्या वळांवर मोठी माणसे, आईवडीलसुद्धा, हसत असल्याची आठवण नोंदवली आहे. ती वेदना ज्याला इतकी आठवली त्याने पुढे मानवजातीच्या मोठ्या भागासाठी न संपणारी वेदना मान्य करावी, हे धर्मविचाराच्या इतिहासातले एक मोठे दुःख आहे.

त्याहूनही बोलका दाखला कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (1033–1109) याचा आहे. त्याचा शिष्य आणि चरित्रकार एडमर याने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका मठाधिपतीने अँसेल्मकडे तक्रार केली की मठात वाढणारी मुले रात्रंदिवस मारूनही सुधारत नाहीत, उलट बिघडतच जातात. अँसेल्मने त्याला विचारले की बागेत रोप लावून ते चारही बाजूंनी इतके जखडून ठेवले की फांदी पसरायला जागाच उरली नाही, तर काही वर्षांनी कसले झाड हाती येईल. तो पुढे म्हणाला की या मुलांना तुमच्यात प्रेम, दया किंवा आपलेपणा कुठेच दिसत नसल्यामुळे तुमचे प्रत्येक कृत्य द्वेषातून होते असेच ती समजतात, आणि वयाबरोबर त्यांच्यातला द्वेषच वाढतो. हा सल्ला अकराव्या शतकातला आहे आणि आजच्या कोणत्याही बालसंगोपनाच्या पुस्तकात शोभेल असा आहे. परंतु 1098 मध्ये पूर्ण झालेल्या ‘देव मानव का झाला’ या ग्रंथात याच अँसेल्मने पापाचा विचार मांडला तो सरंजामी स्वामीच्या मानहानीच्या भाषेत: पाप म्हणजे देवाला देय असलेला मान न देणे, त्याची भरपाई व्हावी किंवा शिक्षा व्हावी, तिसरा मार्ग नाही, आणि अपमान ज्याचा झाला तो अमर्याद थोर असल्यामुळे लहानसे पापही साऱ्या विश्वाच्या मोलापेक्षा भारी ठरते. मठातील मुलांसाठी जे शहाणपण त्याला सुचले ते देवाच्या मुलांसाठी त्याने वापरले नाही. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने नोंदवण्यासारखी गोष्ट अशी की देवाचा मान मुळात कोणाला कमी किंवा जास्त करता येत नाही, हे अँसेल्म त्याच ग्रंथात कबूल करतो. मग अंतहीन शिक्षेने देवाला काही मिळत नाही, शिक्षा भोगणाऱ्याला काही मिळत नाही, आणि अन्याय ज्याच्यावर झाला त्याचे गेलेले काही परत येत नाही. अशा शिक्षेला व्यवस्था म्हणता येईल. तिला पितृत्व म्हणता येणार नाही.

अमर्याद थोर व्यक्तीचा अपराध अमर्याद, हे सूत्र मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसनेही स्वीकारले आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोन्ही परंपरांत ते रुजले. पित्याच्या कसोटीला लावले तर ते उलटे फिरते. बाप आणि मूल यांच्यात समज, बळ आणि अनुभव यांचे अंतर जितके मोठे, तितकी मुलाच्या अपराधाची जबाबदारी हलकी आणि बापाची जबाबदारी जड होते. दोन वर्षांच्या मुलाने मारलेली चापट ही विद्वान बापाच्या प्रतिष्ठेवरचा घाला आहे असे कोणी मानत नाही. ज्ञानाने आणि सामर्थ्याने अमर्याद असलेल्या पित्यापुढे माणूस त्या मुलाहूनही लहान आहे. हा आक्षेप भारतीय मनाला फार आधीच सुचलेला होता. काशीत वाढलेल्या मराठी कुटुंबातले नीलकंठशास्त्री गोऱ्हे (1825–1895) यांनी, जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाला उत्तर म्हणून 1840 च्या दशकात लिहिलेल्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त, मर्यादित आयुष्यातील कर्मांसाठी अमर्याद नरक देणारा ईश्वर दयाळू कसा, हा मुद्दा ख्रिस्ती मताविरुद्ध मांडला. 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर त्यांच्या विचारांचा प्रभाव पडला. प्रश्न विचारणारा माणूस चर्चमध्ये आला, म्हणून त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असे होत नाही.

आधुनिक काळात मानहानीची भाषा पटेनाशी झाल्यावर दुसरा बचाव पुढे आला, आणि तो अधिक सहृदय आहे. इंग्रजी लेखक सी. एस. लुईस याने 1940 च्या ‘वेदनेचा प्रश्न’ या पुस्तकात मांडल्याप्रमाणे देव कोणाला नरकात टाकत नाही. माणूसच देवाला नाकारतो आणि नरकाची कडी आतून लावलेली असते. या मांडणीत पिता मुलाच्या स्वातंत्र्याचा मान राखतो. परंतु कडी आतून असेल तर ती केव्हाही काढता आली पाहिजे, आणि केव्हाही काढता येत असेल तर ती कधीच निघणार नाही हे आज कोणालाही ठामपणे सांगता येणार नाही. ती एका क्षणानंतर निघूच शकत नाही असे म्हणायचे असेल, तर तो क्षण कोणी ठरवला हे सांगावे लागते, आणि तसे सांगताच कडी बाहेरून लागलेली असल्याचे उघड होते. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उडाऊ पुत्राचा बाप मुलाला जाऊ देतो, हे खरे. पण परतीच्या दिवसाची मुदत तो घालत नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी सार्वकालिक जीवन आणि सार्वकालिक शिक्षा एकाच वाक्यात येतात, तेव्हा एक अंतहीन असेल तर दुसरीही अंतहीनच मानली पाहिजे, हा ऑगस्टिनचा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे आणि त्याला हलके लेखू नये. मात्र शास्त्रात दुसरीही वचने आहेत. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात देवाची दया सर्वांवर व्हावी हाच सर्वांना आज्ञाभंगात कोंडण्याचा हेतू सांगितला आहे. विलापगीताचा तिसरा अध्याय प्रभू कायमचा टाकून देत नाही आणि मानवांना मनापासून दुःख देत नाही असे सांगतो. होशेयाच्या अकराव्या अध्यायात चालायला शिकवलेल्या लेकराला सोडून देणे देवालाच अशक्य होते. दोन्ही बाजूंना कोणती तरी वचने दुसऱ्या वचनांच्या प्रकाशात वाचावी लागतात, आणि कोणत्या प्रकाशात वाचायचे हे देवाला पिता म्हणण्यात किती खरेपणा आहे यावर ठरते. शिवाय मत्तयाच्या त्याच अध्यायात न्याय होतो तो लहानातल्या लहानाला कसे वागवले यावरून, ही गोष्ट छडीचे समर्थन करणाऱ्यांनी विसरू नये.

छडीच्या बाजूने जी वचने दिली जातात ती नीतिसूत्रांच्या तेराव्या, बाविसाव्या, तेविसाव्या आणि एकोणतिसाव्या अध्यायांतली आहेत. तेविसाव्या अध्यायात तर छडीने मुलाचा जीव शेओलापासून, म्हणजे इब्री कल्पनेतील मृतांच्या लोकापासून, वाचतो असे म्हटले आहे, आणि पुढच्या काळात शेओलाच्या जागी नरक वाचला गेल्यामुळे घरातला मार हा नरकापासून वाचवण्याचा उपाय बनला. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची आई सुझॅना वेस्ली हिने 1732 मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात मुलांची स्वतंत्र इच्छा लवकरात लवकर मोडली पाहिजे, आणि वर्षाचे होण्याच्या सुमारास त्यांना छडीचे भय आणि हळू आवाजात रडणे शिकवले पाहिजे, असे सांगितले. स्वेच्छा हेच सर्व पापाचे मूळ, हे तिचे कारण. तिचे प्रेम खोटे नव्हते. पण ज्या देवाची शिक्षा इच्छा मोडण्यासाठी असते अशी शिकवण मिळाली, त्याच देवाचे अनुकरण तिने केले. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी मुलाला दगडमार करण्याची तरतूद आहे. यहुदी धर्मपंडितांनी तालमूदमध्ये तिला इतक्या अटी घातल्या की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, असे मत तेथे नोंदले गेले. शास्त्र मानणे आणि मूल वाचवणे या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात, हे त्यांनी दाखवले. ती तरतूद बाजूला ठेवणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला छडीच्या चार वचनांपाशी मात्र अक्षरार्थ सोडवत नाही.

दक्षिण आफ्रिकेत हा वाद थेट न्यायालयात गेला. आईबापांनी केलेला वाजवी आणि माफक मार हा गुन्हा ठरत नाही, असा तेथील जुन्या कायद्याचा बचाव 2017 मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा धर्मस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने, शास्त्राला मानणाऱ्या आईबापांच्या श्रद्धेवर हा घाला आहे, असे म्हणून संविधान न्यायालयात अपील केले. 18 सप्टेंबर 2019 रोजी न्यायालयाने एकमताने ते फेटाळले. निकाल लिहिणारे तत्कालीन सरन्यायाधीश मोगोएंग मोगोएंग हे स्वतः ख्रिस्ती धर्मोपदेशक आहेत, आणि मुलाची प्रतिष्ठा व हिंसेपासून त्याचे संरक्षण यांना त्यांनी निर्णायक महत्त्व दिले. या निकालाने श्रद्धेचे काही हिरावून घेतले नाही. प्रेमाने लावलेली शिस्त तेथील आईबापांना आजही लावता येते. गेला आहे तो फक्त मारण्याचा परवाना.

नरकाचे भय काढून घेतले तर माणूस स्वैर होईल आणि छडी काढून घेतली तर मूल बिघडेल, ही भीती शेवटी उरते. तिच्यात सुधारणारी शिक्षा म्हणजे सौम्य शिक्षा असा गैरसमज आहे. सुधारणारा पिता मूल खरोखर सरळ होईपर्यंत थांबत नाही, आणि त्याला फसवता येत नाही; अंतहीन शिक्षा देणारा मात्र एका टप्प्यावर मुलाचा नाद सोडतो. क्लेमेंट आणि ग्रेगरी यांचा देव म्हणूनच अधिक कठोर आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर चर्चच्या शिकवणीतही पाऊल पुढे पडलेले आहे: बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांनाही, अगदी सौम्य का होईना, दंड होतो असे ऑगस्टिनने मानले होते, आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मविद्या आयोगाने, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, अशा अर्भकांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर कारणे आहेत असे जाहीर केले. ही कारणे देवाच्या दयेतून आणि येशूच्या बालप्रेमातून काढलेली आहेत, आणि ती अर्भकांपाशी थांबवण्याला कोणताही तार्किक आधार नाही. छडीपुरते बोलायचे तर, भारतात शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असे ठरवले. त्या निकालामुळे ख्रिस्ती संस्थांना कायद्यातून सूट मिळाली असली, तरी ज्या पित्याच्या नावाने त्या शाळा चालवतात त्याच्याकडून तशी सूट मिळालेली नाही, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात सात-आठ वर्षांच्या मुलाला न विझणाऱ्या आगीची धमकी देणे हे छडीइतकेच थांबवायला हवे.